प्रदक्षिणेची हद्द

नागपूर
१४ जून २०२४

प्रिय अश्वजित,
जय भीम.

तू पाठवलेला फोटो पाहिला. अधिसूचना टेकडीच्या पायथ्याशी फलकावर चिकटवली आहे आणि टोल्यातल्या मंडळींनी त्या फलकाला हार घातला आहे. सरकारी कागदाला हार घालणारं मोहटोला हे पहिलंच गाव असावं. तो हार आधी काढायला सांग. त्याच्याखाली सर्व्हे नंबर झाकले गेलेत, आणि तो कागद वाचण्यासाठीच लावला आहे.

तरीही मला आनंद झाला आहे, हे लिहून ठेवते. टेकडी संरक्षित व्हावी म्हणून किती अर्ज केले ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. एकदा उत्तर आलं होतं की अशी टेकडी आढळून येत नाही. पुढच्या अर्जाला मी फोटो जोडला. त्यात आकार कळावा म्हणून टेकडीसमोर तुला उभं केलं होतं, आणि तू घाबरल्यासारखा दिसत होतास. आता निदान सरकारने मान्य केलं की तिथे स्तूप आहे, आणि त्या मोठाल्या विटा कुणी डुकरांच्या कोंडवाड्यासाठी न्यायच्या नाहीत.

पण फोटोखाली तू फक्त 'ताई, जरा बघ' एवढंच लिहिलंस. मी आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले. ज्याला खरं सांगायचं असतं तो पानभर लिहितो, आणि ज्याला काही अडचण असते तो 'जरा बघा' म्हणतो. काय झालंय ते कागदावर लिही. अंगठ्याने टाइप केलेलं मी वाचत नाही. आणि तुझी आई, माझी लीलामावशी, काय म्हणते? तिने तो फलक पाहिला का?

तुझी,
रिताताई


जवाहरनगर
२३ जून २०२४

रिताताई,
सप्रेम जय भीम.

पानभर लिहितो. फोनवर तुझ्याशी बोललं की माझं एकही वाक्य पुरं होत नाही, त्यामुळे पत्रच बरं.

हार काढला. तो घालणारे मंगरूकाका रागावले, पण काढला. त्याखालचे नंबर मी वाचले आणि त्यात आपल्या अंगणाचा नंबर आहे. हद्दीची रेघ आईच्या अंगणातून, विहिरीला वळसा घालून जाते. म्हणजे अंगण संरक्षित झालं, आणि त्या रेघेपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, म्हणजे घरही गेलं. घरच कशाला, अर्धा टोला गेला. बाकीच्यांना अजून ते उमगलेलं नाही. ते हार घालत आहेत.

तुला माहीत आहे, पुढच्या मार्चमध्ये मी फॅक्टरीतून रिटायर होतो. क्वार्टर सोडावं लागेल. आईला मी किती वर्षं इथे ये म्हणतो, ती येत नाही. म्हणते, तुमच्या क्वार्टरात सकाळी भोंगा वाजला की मले वाटते मलेच कामावर बोलावून राहिले. म्हणून आम्ही नवराबायकोने, मी आणि हर्षाने, ठरवलं होतं की मातीचं घर पाडून तिथेच पक्कं बांधायचं आणि आईजवळ राहायचं. माझ्याकडे दुसरी जागा नाही. मागची भिंत तू दिवाळीत पाहिलीस. आता तिला बांबूचा टेकू आहे.

कायद्यात दुरुस्ती चालते, नवं चालत नाही. पण त्या घरात दुरुस्त करायला काय उरलंय? भिंत काढली की छप्पर येतं, छप्पर काढलं की घर संपतं.

अधिसूचना लागल्यापासून दोन महिन्यांत हरकत घेता येते. मी आईला सही मागितली, कारण जागा तिच्या नावावर आहे. आमचं बोलणं जसं झालं तसं लिहितो.

"आई, इथं सही कर."
"कायची?"
"हद्द कमी करा म्हणून."
"कोणाची हद्द?"
"टेकडीची."
"म्हणजे बुद्धाच्या जागेले लहान करा म्हणून मी सही करू? आमी घरापुरती जागा मागाले गेलो तवा कोणी हातभर देल्ली नाही. आता सरकार सोताहून मोठी लिहून देऊन रायलं, अन् मी म्हणू लहान करा?"
"मग घर कसं बांधू?"
"नको बांधू. मी काय म्हटलं तुले बांध म्हणून?"

त्यानंतर तिने माझ्या हातातला पेन घेऊन चुलीजवळच्या डब्यात ठेवला. अजून दिला नाही.

ती फक्त तुझं ऐकते. तू एकदा येऊन तिला समजाव. दुसरं काही मागत नाही.

तुझा,
अश्वजित


नागपूर
३० जून २०२४

प्रिय अश्वजित,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा जास्त लक्ष देऊन.

मी येणार नाही आणि समजावणारही नाही. मावशी बरोबर बोलते आहे. आपल्या लोकांची एक जागा पहिल्यांदा नकाशावर आली, आणि शाई वाळायच्या आत आपल्याच माणसाने 'थोडी कमी करा' म्हणायचं? उद्या दुसरा कुणी म्हणेल आणखी थोडी. आपल्याकडे जुन्या जागा अशाच संपतात. बुलडोझर फार क्वचित लागतो, 'थोडं सरका' एवढं पुरतं.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू आईपुढे कागद ठेवलास असं लिहितोस. तो कागद कुणी तयार केला? तू फॅक्टरीत मशिनी चालवल्यास, हरकतीचा मसुदा तू लिहिलेला नाहीस. रजेचा अर्जसुद्धा तू शेजाऱ्याकडून लिहून घेत होतास. शिवाय पत्रात मारोतरावचं नाव कुठेच नाही. टेकडीला लागून त्याचं धानाचं शेत आहे, त्या बांध्याही त्या रेघेच्या आत असणारच, आणि तिथे त्याला लग्नाचा लॉन करायचा आहे हे मावशीने मला दिवाळीतच सांगितलं होतं. ज्या पत्रात ज्याचं नाव यायला हवं त्याचंच नाव नसतं, तिथे मी दाव्यावर लाल खूण करत असे.

त्याने तुला काय सांगितलं ते लिही. आणि ती रेघ मावशीच्या विहिरीला वळसा घालून का जाते तेही लिही. स्तूपाला विहिरीशी काय देणंघेणं?

रिताताई


जवाहरनगर
८ जुलै २०२४

रिताताई,

हो, मसुदा मारोतरावांचा आहे. त्यांच्या राइस मिलच्या कारकुनाने टाइप केला. ते घरी आले होते, हर्षाच्या हातचा चहा प्यायले. म्हणाले, "अश्वजितभाऊ, माझी एकट्याची हरकत गेली तर साहेब म्हणतील शेठ लोक आहेत. तुमच्या आईची सही असली तर वजन पडते. तुमचं घर होते, माझा लॉन होते. दोघाचंही भलं." ते गोड बोलतात, पण यात त्यांनी मला फसवलेलं नाही. मी तुझ्यापासून लपवलं ते एवढ्यासाठी की त्यांचं नाव आलं की तू पुढचं वाचत नाहीस.

आता विहिरीचं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तू विचारलंस.

फेब्रुवारीत पुरातत्त्व खात्याचे साहेब आणि मोजणीवाला आले तेव्हा मी रजेवर टोल्यातच होतो. त्यांनी टोल्यात विचारलं, "स्तूपाची जागा कुठपर्यंत आहे, दाखवाल का?" मंगरूकाका उठले. म्हणाले, "चला साहेब, पुरी दाखवतो." आणि सगळे निघाले. मंगरूकाका पुढे, मागे पंधरावीस माणसं, मग साहेब, आणि शेवटी मोजणीवाला खुंट्या ठोकत.

ताई, त्यांनी साहेबांना बुद्धपौर्णिमेच्या वाटेने नेलं.

तुला ती वाट आठवत असेल. मेणबत्त्या घेऊन आपण टेकडीला फेरी घालतो, पण टेकडीला धरून नाही. पायथ्याशी मारोतरावांच्या बांध्या आहेत, म्हणून पूर्वीपासून आपली माणसं बाहेरच्या धुऱ्यावरून, शेतांच्या कडेने, जातात. मग पंचशील ध्वजाच्या ओट्याला वळसा, आणि मग आपल्या अंगणात. टोल्याची पहिली विहीर माझ्या बाबांनी खोदली. तोवर आपल्या लोकांना गावाच्या विहिरीवर पाणी नव्हतं. तेव्हापासून फेरी तिथे थांबते, पाणी पिते, आई खीर देते, आणि मग फेरी पुरी होते. त्या दिवशी खीर नव्हती, आईने साहेबांना चहा दिला. साहेबांनी बशीतून प्यायला म्हणून ती अजून त्यांची तारीफ करते.

मी पाहत होतो आणि मला वाटत होतं, किती छान, केवढं दाखवतात. कुणी खोटं बोललं नाही. आमच्या डोक्यात स्तूपाची जागा तेवढीच आहे. खुंट्या मागे ठोकल्या जात होत्या आणि आम्ही पुढे चालत होतो.

हे आईला मी सांगितलं. तिचं म्हणणं, "मग बरोबरच आहे. जिथवर आपण फिरतो तिथवर तो आहे."



अश्वजित


नागपूर
१४ जुलै २०२४

प्रिय अश्वजित,

पत्र मिळालं. बशीतून चहा पिणाऱ्या माणसाने खुंट्या ठोकण्याआधी विटा कुठे संपतात ते बघायला हवं होतं, पण तो त्याचा प्रश्न.

मावशीला सही मागू नकोस. मारोतरावच्या कागदावर तूही करू नकोस. तो आला तर चहा दे, एवढंच.

तुझ्या पेनाचं काय झालं?

रिताताई


जवाहरनगर
२० नोव्हेंबर २०२४

रिताताई,

चार महिने तू गप्प होतीस. मला वाटलं तू रागावलीस. आता कळलं तू काय करत होतीस.

परवा साहेब पुन्हा पाहणीला आले. विहारासमोर खुर्च्या टाकल्या. टोल्यातले सगळे होते, मारोतरावही होते, नवा सदरा घालून. साहेबांनी फाइल उघडली आणि वाचलं, "हरकत क्रमांक एक, मारोतराव. हरकत क्रमांक दोन, श्रीमती रिता रामटेके, नागपूर."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझं तोंड उघडंच राहिलं.

मंगरूकाका म्हणाले, "हे तर आपली रिता. टेकडीचे अर्ज करत होती तेच ना?"

साहेबांनी तुझी हरकत वाचून दाखवली. तू लिहिलं होतंस की आखलेली रेघ स्तूपाची नसून टोल्याच्या प्रदक्षिणेची आहे, ती विहिरीपाशी का वळते त्याचं कारण वेगळं आहे, आणि स्तूपाची हद्द विटांच्या पायथ्यापाशी तपासून घ्यावी. एवढंच. चौथं कलम नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही मला जी वाट दाखवली ती कशाची होती?"

 सगळे जमिनीकडे बघत होते. शेवटी आई विहाराच्या पायरीवरून म्हणाली, "पुनवेच्या फेरीची वाट होय ते, साहेब. आमी तिथून चालतो."

"म्हणजे स्तूप तिथपर्यंत नाही?"

"ते तुमी पाहा. तुमी शिकलेले आहा. मी वाटेचं सांगितलं."

नंतर ते टेकडीवर गेले. पायथ्याला चार ठिकाणी उकरून विटा पाहिल्या, आणि नव्या खुंट्या ठोकल्या. आता आपलं अंगण शंभर मीटरच्या बाहेर जातं असं मोजणीवाला म्हणाला. अजून कागद यायचा आहे.

टोल्यात तुझ्याबद्दल जे बोलतात ते मी लिहीत नाही. एक लिहितो, कारण ते तोंडावर म्हटलं गेलं. चिंधूचा जावई म्हणाला, "मोठी माणसं अर्ज देतात अन् मोठी माणसंच मागं घेतात. शेठनं काय देल्लं तिले?" मी त्याच्या अंगावर गेलो, मंगरूकाकांनी धरलं.

आई घरी येऊन म्हणाली, "मले विचारलं तं मी खरं सांगितलं. रितानं तं सोताहून अर्ज करून मागितलं. याच्यात फरक आहे." त्यानंतर तुझं नाव तिने घेतलेलं नाही. दिवाळीत तू पाठवलेली शाल तिने हर्षाला दिली.

तू मला आधी का नाही सांगितलंस?

अश्वजित


नागपूर
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय अश्वजित,

तुला आधी सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावरून पानठेल्यापर्यंत सगळ्यांना कळलं असतं. आता तुझं तोंड उघडं राहिलेलं टोल्याने पाहिलं, त्यामुळे तुझ्यावर कुणाला संशय नाही. मोहटोल्यात राहायचं तुला आहे, मला नाही. नागपुरात माझ्या सोसायटीत माझ्याशी आधीच कुणी फार बोलत नाही, कारण पार्किंगचा प्रश्न मीच उचलला होता.

चिंधूच्या जावयाला सांग, शेठने काहीच दिलं नाही, आणि शेठलाही काही मिळणार नाही. त्याच्या बांध्या टेकडीच्या पायाला चिकटून आहेत. रेघ पायथ्याशी आली की त्या संरक्षित जागेतून बाहेर पडतात, आणि तिथेच शंभर मीटरच्या बंदीत अडकतात. धान पिकवता येईल, मंडप ठोकता येणार नाही. मारोतरावला वाटलं की रेघेबाहेर गेलं की सुटलं. त्याने दोन महिने घरोघर चहा पिऊन ज्याच्यासाठी सह्या मागितल्या, त्यातून त्याच्या पदरात काही पडत नव्हतं. नवा सदरा मात्र कामी येईल, दुसऱ्याच्या लॉनवर.

तुमचं अंगण बाहेर पडलं तरी मोकळं नाही. शंभर मीटरच्या पुढच्या पट्ट्यातही बांधायला परवानगी लागते. आधी ती मागताही येत नव्हती, आता मागता येईल. साधं एकमजली घर दाखव. हर्षाला गच्चीवर खोली हवी असेल तर तिला माझ्याकडे पाठव.

मी जून महिन्यात तुला लिहिलं होतं की एक इंचही कमी करू देणार नाही, अशा अर्थाचं. ते मी चुकीच्या रेघेबद्दल लिहिलं होतं. जी हद्द उद्या कोर्टात मारोतरावचा वकील एका प्रश्नात उडवू शकतो, ती हद्द टेकडीला वाचवत नाही. 'विहिरीखाली विटा आहेत का?' एवढंच विचारलं असतं तर सगळी अधिसूचना गेली असती. आता जी रेघ आहे तिच्याखाली विटा आहेत.

हे मी मावशीला समजावणार नाही. तिचं म्हणणं कायद्याच्या बाहेरचं आहे आणि मला ते खोडता येत नाही. खोडावंसंही वाटत नाही. शाल हर्षाला शोभेल.

रिताताई


पवनी
१२ डिसेंबर २०२५

रिताताई,
सप्रेम जय भीम.

मार्चपासून इथे भाड्याच्या खोलीत आहोत. अंतिम अधिसूचना एप्रिलमध्ये लागली ते तुला कळवलं होतं. या वेळी हार नव्हता. घराची परवानगी गेल्या महिन्यात आली. मारोतरावांनी बांध्यांत पुन्हा धान लावला. भेटले की नमस्कार करतात, पण चहाला थांबत नाहीत.

काल पाया आखायला मिस्त्री आला. जुनं घर उतरवून झालं होतं. आई विहाराजवळ रुखमिणीकाकूंकडे राहते, ती तिथून काठी टेकत आली. मिस्त्री चुन्याची फक्की टाकत होता. आईने पाहिलं आणि विचारलं, "ही रेघ कुठवर?"

मिस्त्री म्हणाला, "विहिरीपर्यंत, आजी. नकाशात तेवढंच आहे."

"मग पुनवेले लोक कुठून जातीन?"

"बाहेरून जातीन. रस्त्यानं."

"इतकी वर्षं अंगणातून गेले, आता रस्त्यानं काहून जातीन?" आणि तिने काठीच्या टोकाने चुना पुसायला सुरुवात केली. मी म्हटलं, आई, नकाशा पास झालेला आहे, एक खोली कमी होईल. तर म्हणाली,

"होऊ दे. तिनं बुद्धाची जागा लहान केली, मी घर लहान करतो. हिसाब बरोबर."

एका वर्षात तिने तुझा उल्लेख केला तो हा पहिला. मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, पुसा. विहिरीच्या बाजूने मेणबत्त्या घेऊन दोन माणसं सोबत चालतील एवढी जागा सोडली आहे.

ताई, एक गोष्ट तुला सांगितलेली नव्हती. नकाशात तीन खोल्या होत्या. एक आईची, एक आमची. तिसरी मी तुझ्यासाठी काढली होती. तू नागपुरात एकटी आहेस, आणि सोसायटीत कुणी बोलत नाही असं तूच लिहिलंस. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. जी खोली गेली ती तीच.

मी आईला हेही सांगितलं. म्हटलं, आता रिताताई आली तर कुठे राहील?  चुना पुसून झाल्यावर हात झटकत म्हणाली,

"माझ्यासंग राहीन, माझ्या खोलीत. मी तिच्यावर नाराज आहो ते वेगळं. तिले लिही, नाराज आहो म्हणून. अन् माझी खाट मोठी करून घे."

तसं लिहिलं आहे.

अश्वजित


नागपूर
१९ डिसेंबर २०२५

प्रिय अश्वजित,

पास झालेल्या नकाशापेक्षा मोठं बांधलं तर नोटीस येते. लहान बांधलं तरी कार्यालयाला लेखी कळव आणि पोच घे. वाट सोडली आहे हेही त्यात लिही, म्हणजे पुढे तुझी मुलं तिथे मोटारसायकलचं शेड उभारणार नाहीत.

मावशीला सांग, नाराजी मिळाली. ती मागे घ्यावी असं माझं म्हणणं नाही.

खाट सागवानी कर आणि भिंतीला लावू नकोस, दोन्ही बाजूंनी उतरता यायला हवं. आम्ही दोघी म्हाताऱ्या आहोत, आणि एकमेकींना ओलांडून जाणाऱ्यांतल्या नाही. छप्पर चढलं की कळव. मी येते.

रिताताई